जीवशास्त्रज्ञांचा गोतावळा : गोराईपासून अपोलो स्ट्रीटपर्यंत

शास्त्रज्ञ म्हटला कीं जगाशीं फारकत घेतलेला, सूक्ष्मदर्शकावर वांकलेला, तहानभूक विसरलेला एकटा मनुष्य सामान्य लोकांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. कथा-कादंबऱ्यांनीं हें चित्र रंगविलें आणि आपल्या सुशिक्षित समाजानें तें खरें मानिलें. परंतु सजीव सृष्टीचा अभ्यास करणाऱ्यांचा इतिहास चाळून पाहिला तर हें चित्र बरेंचसें फसवें आहे असें दिसून येतें. एखादा पक्षी कोणत्या महिन्यांत येतो, कोठून येतो, कोणत्या झाडावर घरटें करतो आणि दहा मैलांवरच्या दुसऱ्या गांवीं तो कां दिसत नाहीं, ह्या साध्या प्रश्नांचीं उत्तरें एका मनुष्याच्या एका आयुष्यांत मिळत नाहींत. त्यांसाठीं अनेक डोळे लागतात, अनेक वर्षें लागतात, आणि एकानें पाहिलेलें दुसऱ्यानें विश्वासानें मान्य करावें असा परस्परसंबंध लागतो. सारांश, जीवशास्त्रज्ञाला प्रयोगशाळेइतकीच गोतावळ्याची गरज असते. मुंबई शहरांत असा गोतावळा १८८३ मध्यें जमला आणि तो आजतागायत मोडलेला नाहीं. तो कसा जमला, त्याचें रोजचें जीवन कसें होतें आणि त्यांत कोणाला मानाचें स्थान मिळालें व कोणाला मिळालें नाहीं, हें समजून घेण्यासारखें आहे.

ह्या मंडळींना अभ्यासाला लागणारें क्षेत्र शहराच्या दाराशींच होतें. साष्टीच्या वायव्य कोपऱ्यांतील गोराई हें त्याचें उत्तम उदाहरण होय. बोरिवलीहून पश्चिमेस खाडीपर्यंत जावें आणि तरींतून पलीकडे उतरावें, कीं शहराचा गलबला मागें पडतो. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्यें गोराई, मनोरी, उत्तन हीं गांवें. येथील कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज मासेमारीवर व शेतीवाडीवर पिढ्यान् पिढ्या जगत आला. पोर्तुगीजांचा अंमल येथें प्रदीर्घ काळ होता. १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई घेतली आणि हा सारा मुलूख मराठ्यांकडे आला. पुढें १७७४ मध्यें इंग्रजांनीं साष्टी जिंकली. राज्यें बदललीं, परंतु खाडीची भरती-ओहोटी आणि तिच्या कांठचें खाजण मात्र आपल्या नियमानें चालत राहिलें.

ओहोटीच्या वेळीं हें खाजण पाहावें. चिखलांतून हजारों बारीक खुंट्या वर आलेल्या दिसतात. तीं तिवराचीं श्वसनमुळें होत. चिखलांत हवा शिरत नाहीं, म्हणून तिवर आपलीं मुळें वर पाठवून श्वास घेतो. अंगांत शिरलेलें जास्तीचें मीठ तो पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकतो. पान चाटून पाहिलें तर खारटपणा जिभेस कळतो. शेजारचें कांदळ याहून नवलाचें. त्याचें बीज झाडावर असतांनाच रुजतें, लांब शेंगेसारखा कोंब लोंबूं लागतो आणि मग तो खालीं पडून चिखलांत उभा रुततो किंवा भरतीबरोबर दुसरीकडे जातो. खालीं निवट्या आपल्या परांवर उड्या मारीत असतात, खेकडे बिळांच्या तोंडाशीं बसलेले असतात, आणि पाणी ओसरलें कीं बगळे, खंड्या, तुतारी व शेकाटे हजर होतात. शहरवासीयाला जेथें केवळ दुर्गंधी आणि चिखल दिसतो, तेथें निसर्गाभ्यासकाला एक भरगच्च ग्रंथालय दिसतें. मात्र ह्या ग्रंथालयांतील पुस्तकें सहा-सहा तासांनीं उघडतात आणि मिटतात, आणि वाचकालाच गुडघाभर चिखलांत उतरून तीं वाचावीं लागतात.

१५ सप्टेंबर १८८३ रोजीं भायखळ्याच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट म्यूझियममध्यें आठ गृहस्थ एकत्र आले. आज ह्याच वास्तूला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतात. जमलेल्यांत कोणी डॉक्टर होते, कोणी लष्करी अधिकारी, कोणी सरकारी नोकर. निसर्गशास्त्र हा ज्याचा पोटाचा धंदा आहे असा मनुष्य त्यांत जवळजवळ नव्हताच. आपण जें पाहतों त्याची टिपणें एकमेकांना सांगावीं आणि जमविलेले नमुने एके ठिकाणीं ठेवावे, एवढाच त्यांचा माफक हेतु होता. त्यांतून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी उत्पन्न झाली. ह्या आठांपैकीं दोघे मराठी भाषिक होते, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. पहिले डॉ. आत्माराम पांडुरंग. १८६७ मध्यें प्रार्थनासमाजाची स्थापना करणारे आणि १८७९ मध्यें मुंबईचे शेरीफ झालेले ते हेच. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. ग्रँट मेडिकल कॉलेजांत ते शिकवीत, वनस्पतिशास्त्रांत त्यांची चांगली गति होती आणि मुंबईच्या बाजारांत मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची सूची त्यांनीं १८७९ मध्यें प्रसिद्ध केली होती.

संस्थेचे पहिले चिटणीस ई. एच. एटकेन हे मीठ व जकात खात्यांतील अधिकारी. त्यांचा जन्म १८५१ चा, साताऱ्याचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत त्यांनीं कांहीं वर्षें लॅटिन शिकविलें होतें. मिठागरें, खाड्या आणि बंदरें ह्यांतून सरकारी कामासाठीं हिंडतां हिंडतां त्यांनीं पाखरें, किडे, बेडूक पाहिले आणि त्यांजवर विनोदी, खुसखुशीत निबंध लिहिले. ज्या साली संस्था निघाली त्याच साली त्यांचें ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हें पुस्तक निघालें. बंगल्याच्या सरहद्दीवर राहणाऱ्या ह्या ‘जमाती’ म्हणजे उंदीर, मुंग्या, कावळे अशी त्यांतील कल्पना आहे. एक महत्त्वाची गोष्ट येथें ध्यानांत येते. मिठागराच्या बांधावरून चालणारा जकातदार आणि रोग्यांना औषध देणारा वैद्य एकाच टेबलाशीं बसून एकाच विंचवाविषयीं बोलूं लागले, आणि त्यावेळीं त्यांच्यांतील दर्जाचें अंतर थोडें तरी कमी झालें.

भायखळा लांब पडूं लागलें तेव्हां एच. एम. फिप्सन ह्या दारूच्या व्यापाऱ्यानें १८८४ च्या जानेवारींत फोर्ब्स स्ट्रीटवरील आपल्या दुकानांतील जागा संस्थेला देऊं केली. वाइनच्या पेट्यांच्या शेजारीं सापांच्या बरण्या मांडल्या गेल्या. पुढें १८८६ मध्यें संस्था अपोलो स्ट्रीटवर गेली आणि त्याच वर्षाच्या जानेवारींत तिचें नियतकालिक निघूं लागलें. फिप्सन यांनीं वीस वर्षें, म्हणजे १९०६ पर्यंत, चिटणिसाचें काम पाहिलें. त्यांच्यामागून त्यांचेच व्यवसायबंधु डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनीं तें १९२० पर्यंत चालविलें. व्यापाराचा हिशेब आणि प्राण्यांची नोंदवही एकाच हातानें लिहिली जात होती.

अपोलो स्ट्रीटच्या त्या जागेंत चिटणिसाच्या खुर्चीमागें एका पिंजऱ्यांत एक मोठा धनेश राहत असे. १८९४ मध्यें कारवारकडून आलेलें तें पिल्लूं होतें. त्याचें नांव विल्यम ठेवलेलें होतें. सव्वीस वर्षें तो तेथें राहिला. सभासदांच्या ओळखीचा, सर्वांच्या कौतुकाचा, कांहींहि गिळून पचविणारा असा हा प्राणी होता. एकदां तर त्यानें पेटलेली सिगार गिळली आणि त्याचें कांहीं बिघडलें नाहीं म्हणतात. परंतु १९२० मध्यें तारेचा एक तुकडा गिळल्यामुळें तो मेला. १९३३ मध्यें संस्थेचा सुवर्णमहोत्सव झाला तेव्हां धनेश हेंच तिचें बोधचिन्ह ठरलें. संस्थेच्या घटनेंतील कलमें आज कोणाच्या लक्षांत नाहींत, परंतु विल्यमची गोष्ट मात्र पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. कुटुंबांत एखाद्या वडिलधाऱ्याच्या आठवणी निघाव्यात तशा त्या निघतात.

मंडळाचें रोजचें काम मात्र बरेंच कष्टाचें होतें. उष्ण हवेंत पक्ष्याचें मांस तासाभरांत बिघडूं लागतें. म्हणून सकाळीं मिळालेल्या नमुन्याची कातडी त्याच दिवशीं सोडवावी लागे, तिला आंतून सोमलाचा लेप द्यावा लागे, कापूस भरून आकार द्यावा लागे. मग तिच्या पायाला एक चिठ्ठी बांधली जाई. त्या चिठ्ठीवर स्थळ, तारीख, नर कीं मादी आणि जमविणाऱ्याचें नांव हीं लिहिलेलीं असत. शास्त्राच्या दृष्टीनें खरी किंमत ह्या चिठ्ठीचीच असते. चिठ्ठी हरवलेला सुंदर पक्षी हें शोभेचें बाहुलें होय. चिठ्ठी शाबूत असलेलें फाटकें कातडें हा दस्तऐवज होय. ह्याखेरीज देशाच्या कानाकोपऱ्यांतून पत्रें येत. चहामळ्यांचे व्यवस्थापक, जंगलखात्याचे अधिकारी, रेल्वेचे इंजिनियर, मिशनरी असे नाना लोक आपापल्या अंगणांत पाहिलेलें कळवीत. नियतकालिकाच्या शेवटीं ‘संकीर्ण टिपणें’ हा भाग असे आणि त्यांत अशा चार-सहा ओळींच्या मजकुरालाहि जागा मिळे. कोणा पदवीधराची शिफारस तेथें लागत नसे. पाहणें अचूक आणि लिहिणें प्रामाणिक असलें म्हणजे पुरे.

ह्या गोतावळ्याचे धागे शास्त्राच्या पलीकडेहि गेले. डॉ. सखाराम अर्जुन यांची सावत्र कन्या रखमाबाई. बालपणीं झालेला विवाह मान्य नसल्यानें तिनें पतीच्या घरीं नांदावयास जाण्याचें नाकारलें, आणि १८८४ मध्यें तिच्यावर खटला भरला गेला. सखाराम अर्जुन यांनीं तिची बाजू घेतली. परंतु निकाल लागण्यापूर्वींच, १८८५ च्या एप्रिलांत, ते वारले. १८८७ मध्यें न्यायालयानें नवऱ्याकडे जा अथवा सहा महिन्यांची कैद भोग असें सांगितलें असतां रखमाबाईंनीं कैद पत्करण्याची तयारी दाखविली. पुढें तडजोड होऊन प्रकरण मिटलें. त्या काळांत तिच्या पाठीशीं उभ्या राहिलेल्यांत डॉ. ईडिथ पीची या होत्या. एडिंबरा विद्यापीठांत वैद्यकाच्या शिक्षणासाठीं झगडलेल्या पहिल्या सात स्त्रियांपैकीं एक असलेल्या पीचीबाई मुंबईच्या कामा रुग्णालयांत मुख्य डॉक्टर होत्या, आणि १८८९ मध्यें त्यांनीं विवाह केला तो संस्थेचे चिटणीस फिप्सन यांच्याशीं. त्याच वर्षीं रखमाबाई लंडनला वैद्यक शिकावयास गेल्या. १८९४ मध्यें त्या डॉक्टर झाल्या. हा इतिहास निसर्गशास्त्राचा नव्हे हें उघड आहे. तथापि ज्या शहरांत बेडकांच्या आणि वनस्पतींच्या चर्चेसाठीं माणसें जमत, त्याच शहरांतील त्याच थोड्या घरांमध्यें एका मुलीच्या स्वातंत्र्याचा प्रश्नहि सोडविला जात होता. ज्ञानाची आवड आणि न्यायाची चाड एका घरांत नांदूं शकतात, एवढें तरी त्यावरून दिसतें.

परंतु ह्या चित्राला दुसरी बाजूहि आहे. आठ संस्थापकांपैकीं दोन हिंदी असले तरी पुढील चाळीस-पन्नास वर्षें संस्थेचा कारभार बहुतांशीं इंग्रजांच्या हातीं राहिला. १९११ मध्यें मिलार्ड यांच्या आवाहनावरून हिंदुस्थानांतील सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी सुरू झाली आणि ती १९२३ पर्यंत चालली. सुमारे पंचवीस हजार नमुने जमा झाले. त्यांचें वर्गीकरण लंडनला झालें. मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यांतून निवृत्त झालेले आर. सी. रॉटन हे त्या कामांत अग्रणी होते. नमुने जमविणाऱ्यांत एस. एच. प्रेटर आणि चार्ल्स मॅकॅन यांच्या जोडीला एन. ए. बाप्टिस्टा हें नांवहि आढळतें. परंतु जंगलांत वाट दाखविणारे आदिवासी, रात्रीं कंदिलाच्या उजेडांत कातडीं सोडविणारे मदतनीस आणि खाडींतून होडी वल्हविणारे कोळी यांचीं नांवें चिठ्ठ्यांवर क्वचितच आलीं. जे शास्त्र प्रत्येक उंदराला दोन शब्दांचें नांव देतें, तेंच शास्त्र आपल्या साहाय्यकाचें नांव टिपण्यास विसरलें.

१९०३ मध्यें स्वित्झर्लंडचे एक जेझुइट पाद्री मुंबईस आले आणि सेंट झेवियर कॉलेजांत वनस्पतिशास्त्र शिकवूं लागले. त्यांचें नांव एथेलबर्ट ब्लॅटर. १९०५ मध्यें त्यांनीं संस्थेच्या नियतकालिकांत मुंबई इलाख्यांतील खारफुटी आणि तिचें जीवन ह्या विषयावर लेख लिहिला. गोराईसारख्या खाड्यांतून आढळणाऱ्या तिवर, कांदळ यांसारख्या झाडांविषयीं इतक्या पद्धतशीरपणें लिहिण्याचा मुंबईंतील हा आरंभीचा प्रयत्न होय. ब्लॅटर १९१९ ते १९२४ पर्यंत त्या कॉलेजचे प्राचार्य होते. परंतु त्यांचें मन वर्गांतल्याइतकेंच माळरानावर रमे. मॅकॅन यांच्याबरोबर त्यांनीं मुंबई इलाख्यांतील गवतांवर ग्रंथ रचला. तो १९३५ मध्यें, म्हणजे ब्लॅटर यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. ब्लॅटर यांच्या विद्यार्थ्यांत बर्मा सोडून आलेला एक तरुण होता. व्यापारी शिक्षणाबरोबर प्राणिशास्त्र शिकण्याची वाट ब्लॅटर यांनींच त्याला दाखविली. तो तरुण म्हणजे सालिम अली.

सालिम अली यांची गोष्ट मराठी वाचकाला थोडीफार परिचित असते. १८९६ साली मुंबईंत खेतवाडींत त्यांचा जन्म झाला. १९०८ च्या सुमारास लहानग्या सालिमनें छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी पाडली. तिच्या कंठावर पिवळा डाग होता. मामा अमिरुद्दीन तय्यबजी हे संस्थेचे सभासद असल्यानें त्यांनीं मुलाला मिलार्ड यांच्याकडे पाठविलें, आणि मिलार्ड यांनीं पक्षी ओळखून दिला, कपाटें उघडून दाखविलीं, वाचावयास पुस्तकें दिलीं. त्या दिवशीं त्या मुलाशीं जर कोणी तुच्छतेनें बोललें असतें तर कदाचित् हिंदुस्थानच्या पक्षिशास्त्राचा इतिहास वेगळा झाला असता. गोतावळ्याचें खरें काम अशा ठिकाणीं दिसतें : एका वयस्क माणसानें कामांतून वेळ काढून एका परक्या मुलाला कपाट उघडून दाखविणें.

ह्या गोतावळ्यानें सालिम अलींना आधार दिला खरा, परंतु भाकरी मात्र नेहमी दिली नाहीं. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळें झूऑलॉजिकल सर्व्हेंतील पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळाली नाहीं. १९२६ मध्यें प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियमच्या निसर्गविभागांत ‘गाइड लेक्चरर’ म्हणून साडेतीनशे रुपयांची नोकरी लागली. दोन वर्षांनीं ते बर्लिनला अर्विन स्ट्रेसेमान यांच्याकडे अभ्यासासाठीं गेले आणि परत येतात तों पैशाच्या टंचाईनें ती जागाच रद्द झालेली. मग त्यांनीं पत्नी तहमिना यांच्यासह अलिबागजवळील किहीम येथें मुक्काम केला आणि १९३० च्या पावसाळ्यांत घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीवर लक्ष ठेवलें. नर अर्धेंमुर्धें घरटें विणतो, मादी येऊन तें पसंत करते किंवा नाकारते, पसंत केल्यास आंत अंडीं घालते, आणि नर लगेच दुसरें घरटें बांधून दुसऱ्या मादीची वाट पाहतो, हा सुगरणींचा संसार त्यांनीं बारकाईनें टिपला. १९३१ मध्यें तो लेख प्रसिद्ध झाला तेव्हां यूरोपांत त्यांचें नांव झालें. नोकरी गेल्यामुळें मिळालेल्या सवडीचा हा परिणाम होता. त्या वर्षांनंतरच्या हैदराबाद आदि पाहण्यांत तहमिनाबाई त्यांच्याबरोबर तंबूंत राहिल्या, सारी व्यवस्था पाहिली. १९३९ मध्यें त्या वारल्या. नंतर बांद्र्याला पाली हिलवर बहीण कामू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरीं ते राहूं लागले. शोधनिबंधाच्या मुखपृष्ठावर एकाचें नांव असतें, परंतु त्यामागें चूल सांभाळणारीं किती माणसें असतात, हें अशा घरांकडे पाहिल्यावर कळतें.

ह्याच काळांत सालिम अली आणि त्यांचे तरुण सहकारी हुमायून अब्दुलअली यांनीं ‘बर्ड्स ऑफ बॉम्बे अँड साल्सेट’ ही लेखमाला लिहिली. १९३६ ते १९३९ पर्यंत ती नियतकालिकांत क्रमशः येत गेली. गोराई, मनोरी, बोरिवली, अंधेरी, मालाड ज्या साष्टींत मोडतात, त्या साष्टीच्या पाखरांची ही पद्धतशीर यादी होय. त्या वेळीं ह्या भागांत बरेंचसें भातशेत, ताडवनें, मिठागरें आणि खाजण होतें. लेखकांनीं भविष्याकडे पाहून लिहिलें नव्हतें. त्यांनीं आपल्या डोळ्यांसमोर होतें तेवढें प्रामाणिकपणें लिहिलें. परंतु पुढें साष्टी जेव्हां घरांनीं भरून गेली तेव्हां ती यादीच पूर्वस्थितीची साक्षीदार ठरली.

लिहिलेल्या चिठ्ठीवर किती अवलंबून असतें हें दाखविणारें एक उदाहरण महाराष्ट्रांतच घडलें आहे. १८७३ मध्यें ह्यूम यांनीं रानपिंगळा नांवाच्या घुबडाचें वर्णन केलें. खानदेशांत नोकरीस असलेले जेम्स डेव्हिडसन यांनीं १८८० नंतरच्या वर्षांत शहादे-तळोदे भागांतून त्याचे नमुने जमविले. त्यानंतर कित्येक वर्षें हा पक्षी कोणाला दिसला नाहीं. इतक्यांत कर्नल मायनर्ट्झहागन यांच्या संग्रहांत १९१४ साली तापीकांठच्या मांडवीला मिळालेला एक नमुना असल्याचें दिसून आलें. मायनर्ट्झहागन म्हणजे इंग्रजी लष्करांतील प्रख्यात पक्षिवेत्ते. १९३७ मध्यें सालिम अली त्यांच्याबरोबर अफगाणिस्थानांत हिंडले होते आणि आपल्याविषयीं त्यांनीं रोजनिशींत लिहून ठेवलेले तिरकस शेरे पुढें स्वतःच्या आत्मचरित्रांत त्यांनीं हंसतमुखानें छापले. एवढ्या मोठ्या माणसाच्या चिठ्ठीवर अविश्वास कोण दाखविणार? तो नमुना गृहीत धरून सालिम अली आणि रिपले यांसारख्यांनीं रानपिंगळ्याचा शोध केला, परंतु हातीं कांहीं आलें नाहीं.

पुढें पामेला रासमुसेन ह्या अभ्यासिकेनें लंडनच्या संग्रहांतील नमुन्यांचे टांके, कापूस, कातडी सोडविण्याची पद्धत ही सारी तपासली, आणि उघड झालें कीं मायनर्ट्झहागन यांचा तो नमुना वस्तुतः डेव्हिडसन यांनींच जमविलेला होता; तो संग्रहांतून लंपास करून, पुन्हां बनवून, खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला होता. खोटी नोंद बाजूला सारल्यावर जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांकडे पुन्हां लक्ष गेलें. त्यांच्या आधारें १९९७ च्या नोव्हेंबरांत रासमुसेन आणि त्यांचे सोबती शहाद्याजवळच्या रानांत गेले आणि रानपिंगळा त्यांना जिवंत दिसला. शेवटच्या विश्वसनीय नोंदीनंतर एकशें तेरा वर्षांनीं! २०१४ मध्यें तो मुंबईपासून फारसें दूर नसलेल्या तानसा अभयारण्यांतहि आढळला. एका मनुष्याचें असत्य सबंध शास्त्राला अनेक वर्षें भलत्या रानांत हिंडवूं शकतें, आणि एका प्रामाणिक सरकारी नोकराची चिठ्ठी शंभर वर्षांनंतर योग्य वाट दाखवूं शकते, हा त्याचा धडा. विद्वत्तेच्या बाजारांत प्रतिष्ठेला फार भाव असतो. परंतु अखेर मूल्य ठरतें तें नोंदीच्या खरेपणानें.

स्वातंत्र्य आलें तेव्हां मंडळीचे इंग्रज सभासद मायदेशीं परतले, पुष्कळ वर्षें क्यूरेटर असलेले प्रेटरहि गेले, आणि संस्थेपुढें पैशाचा मोठा पेंच पडला. सालिम अली यांनीं पंडित नेहरूंकडे मदत मागितली आणि ती मिळाल्यावर संस्था सावरली. पुढच्या पिढीला ही संस्था खऱ्या अर्थानें हिंदी विद्यार्थ्यांची झाली. सालिम अलींचे शिष्य व्ही. सी. आंबेडकर यांनीं गुरूंनींच आरंभिलेला सुगरणींचा अभ्यास पुढें नेला. पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमचीं कडीं घालून सोडण्याचें मोठें काम १९६० च्या आसपास सुरू झालें. कड्यावर संस्थेचें नांव कोरलेलें असे आणि पक्षी मिळाल्यास कळवावें अशी विनंति असे. ज्याच्या हातीं तें कडें लागे तो कोळी, शेतकरी वा फासेपारधी संशोधनांत भागीदार होई. गोतावळ्याची हद्द अशा रीतीनें अपोलो स्ट्रीटच्या जिन्यापलीकडे गेली.

हुमायून अब्दुलअली यांनीं दुसरी वाट धरली. १९५१ चा मुंबई वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायदा घडविण्यांत त्यांचा हात होता. पुढें बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीविरुद्ध त्यांनीं झुंज दिली. शेतांतील कीड खाणारा बेडूक परदेशीं पाठवून आपण कीटकनाशकें आयात करतों, हा त्यांचा मुद्दा होता. १९८७ मध्यें ती निर्यात बंद झाली. येथें शास्त्राचा आणि सार्वजनिक जीवनाचा संबंध स्पष्ट होतो. प्राणी मोजणारा मनुष्य, इच्छा असो वा नसो, केव्हां ना केव्हां प्राण्यांच्या बाजूनें साक्ष द्यावयास उभा राहतो.

गोराईच्या खाडीलाहि अशा साक्षीची गरज पडली. उत्तर मुंबईंतील वस्ती वाढली तशी खाडीच्या कांठीं भर पडत गेली. बोरिवलीच्या बाजूस नव्या वसाहती उभ्या राहिल्या आणि शेजारीं शहराच्या केरकचऱ्याचा डोंगर साचला. तो कचऱ्याचा तळ २००७ मध्यें बंद झाला आणि पुढें त्यावर माती व हिरवळ घालून तो आच्छादला गेला. खारफुटीच्या तोडीविरुद्ध नागरिकांनीं न्यायालयाचा दरवाजा ठोठावला, आणि ६ ऑक्टोबर २००५ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें महाराष्ट्रभर खारफुटी नष्ट करण्यास मनाई केली. ब्लॅटर यांच्या लेखानंतर बरोबर शंभर वर्षांनीं हा आदेश आला. २०१२ मध्यें राज्यानें कांदळवनांसाठीं स्वतंत्र कक्ष काढला, २०१८ मध्यें न्यायालयानें आपला निर्णय कायम केला, आणि २०२० मध्यें पांढरी चिपी हा राज्याचा कांदळवृक्ष जाहीर झाला. कायद्यानें सर्व तोड थांबली असें मात्र कोणी समजूं नये. रात्रीच्या अंधारांत टाकला जाणारा मातीचा भराव कोणत्याहि हुकुमाला विचारून येत नाहीं. तरी आतां एवढें झालें कीं खाजण म्हणजे पडीक चिखल हा समज अधिकृतपणें टिकूं शकत नाहीं. हा बदल अचानक झाला नाहीं. कोणीतरी पूर्वीं चिखलांत उतरून तिवराच्या मुळ्या मोजल्या होत्या, कोणीतरी पक्ष्यांच्या याद्या केल्या होत्या, कोणीतरी त्या याद्या छापून जपून ठेवल्या होत्या. म्हणून सांगण्यासारखें कांहीं तरी हातीं होतें.

सव्वाशेंहून अधिक वर्षांच्या ह्या वाटचालींतून एक गोष्ट प्रकर्षानें दिसते. ह्या मंडळीनें पैसा फारसा कमावला नाहीं, कित्येकांना मान्यताहि उशिरां मिळाली, आणि कित्येकांना ती मिळालीच नाहीं. दारूचा व्यापारी, पाद्री, जकातदार, डॉक्टर, पदवीविना राहिलेला तरुण आणि नांव न उरलेला होडीवाला असे भिन्न स्थितीचे लोक एका सामान्य कुतूहलानें एकत्र आले. त्यांच्यांत अहंकार होता, मत्सर होता, साहेबी तोरा होता, आणि प्रसंगीं लबाडीहि होती. तरी पाहिलेलें लिहून ठेवावें, लिहिलेलें दुसऱ्यास दाखवावें, आणि चूक आढळली तर ती दुरुस्त करावी, ही रीति मात्र त्यांनीं सोडली नाहीं. समाज ज्या विश्वासावर चालतो त्याचें हें लहान परंतु स्पष्ट प्रतिबिंब होय. गोराईच्या खाडींत ओहोटी लागली कीं तिवराच्या खुंट्या पुन्हां उघड्या पडतात, बगळे येतात, निवट्या उड्या मारूं लागतात. त्यांच्याकडे पाहणारा कोणी तरुण आज तेथें वही घेऊन उभा असेल तर त्यानें तारीख, वेळ आणि स्थळ न विसरतां लिहावें. त्याच्या त्या चार ओळी वाचावयास पुढल्या शतकांत कोणीतरी येणार आहे.